कल्याणी ओव्हाळचे आठ चौकोन

आमच्या कॉलेजात डॉक्टरेट मिळवलेली माणसं शिपायांपेक्षा जास्त आहेत, आणि प्रोजेक्टर बंद पडला की त्यांतलं एकही जागेवर सापडत नाही. मी दोन्हींपैकी कुणी नाही. मी बाळ परचुरे, कर्वेनगरातल्या एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक. चार नंबरच्या लॅबची किल्ली माझ्याकडे असते. कॉलेजातला एकमेव दणकट संगणक त्याच लॅबमध्ये कोपऱ्यात घोंघावत असतो, त्यामुळे कोण खरंच काम करतं आणि कोण केल्यासारखं करतं हे प्राचार्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. कल्याणी ओव्हाळ खरंच काम करणाऱ्यांतली. पण मी हे तिच्या कौतुकासाठी लिहीत नाही. तिचं कौतुक फ्लेक्सवर झालंय. मला जे सांगायचंय त्यात माझं वागणं आहे, आणि ते फ्लेक्सवर कुणी छापणार नाही.

ती आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकवायला आली. घर बिबवेवाडीत, तिथून एका बसने स्वारगेट, स्वारगेटहून दुसऱ्या बसने कर्वेनगर. स्वारगेटला बस बदलताना माणसाचं अर्धं आयुष्य जातं, पण ही साडेआठच्या तासाला कधी उशिरा आली नाही. वडील पोपटराव ओव्हाळ मार्केट यार्डात फळबाजारात तोलणार होते. माल काट्यावर चढवायचा, वजन पुकारायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. घरात एवढं शिकलेली ही पहिलीच.

पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या टेबलावरच्या फुलपात्राने पाणी प्यायलं. मी ते तिच्यादेखत उचललं आणि बेसिनवर विसळून आणलं. मी ते कुणीही प्यालं तरी विसळतो, आमचे विभागप्रमुख प्याले तरी विसळतो. पण हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची बाटली आणायला लागली. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, आणि नंतर ते बोलण्याची वेळ निघून गेली असं मी ठरवून टाकलं.

आमच्याकडे तिच्यासारख्यांना दर जुलैत नवी ऑर्डर मिळते. ऑर्डर वर्षभराची, त्यातही मधे एक दिवस खंड, म्हणजे कुणी कायमपणाचा हक्क सांगू नये. कायम व्हायचं तर डॉक्टरेट हवी. कल्याणीने आमचे विभागप्रमुख डॉ. बद्रीनाथ सोनटक्के यांच्याकडे नाव नोंदवलं. सहा वर्षांची मुदत संपली, एक वाढ मिळाली, तीही संपत आली. तीस एप्रिलपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द झाली की जुलैची ऑर्डर नाही, कारण ज्यांनी निदान प्रबंधही दिलेला नाही त्यांना त्या वर्षीपासून ठेवायचं नाही असं व्यवस्थापनाने ठरवलं होतं. म्हणजे तिची नोकरी, तिची सात वर्षं आणि घरच्यांनी तिच्यावर लावलेली सगळी आशा एका तारखेला येऊन बसली होती.

विषय काय होता तेही सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. तिने मला समजावलं ते असं. चित्र ओळखायचं एक नवं तंत्र आहे, व्हिजन ट्रान्सफॉर्मर नावाचं. ते चित्राचे चौकोनी तुकडे करतं, आडवे चौदा, उभे चौदा, एकूण एकशे शहाण्णव. मग प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येक तुकड्याला विचारतो, तुला काय दिसलं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रत्येक सभासद दुसऱ्या प्रत्येकाला पार्किंगबद्दल विचारायला लागला तर जे होईल ते. एका फेरीत अडतीस हजारांवर विचारपूस, आणि अशा बारा फेऱ्या. उत्तर चांगलं येतं, पण त्याला मोठा संगणक लागतो. मार्केट यार्डातल्या माणसाच्या साध्या मोबाइलवर ते चालत नाही. कल्याणीचं म्हणणं असं की सगळ्यांना शेवटपर्यंत बसवायची गरज काय? पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ज्या तुकड्याकडे सांगण्यासारखं काही नाही तो कळतो, त्याला तिथेच उठवायचं. निम्मे उठवले तर विचारपूस चौथ्या हिश्शावर येते. मग तेच काम मोबाइलवर होईल. मला हे पटलं. सभेत मी स्वतः तिसऱ्या फेरीला उठतो.

चित्रं कसली, तर डाळिंबांची. डाळिंबावर तेल्या नावाचा रोग पडतो. सुरुवातीला सालीवर तेलकट बारीक ठिपका दिसतो, मग तो पसरतो, फळ तडकतं. फोटो काढला की फळ निरोगी की तेल्याचं हे मोबाइलने सांगायचं, आणि तेही पटकन. कल्पना तिचीच होती. लहानपणी सुट्टीत ती वडिलांबरोबर बाजारात जायची, निवडणाऱ्या बायकांचे हात बघत बसायची.

डाळिंबं पोपटरावांनी ओळखीच्या आडत्यांकडून मिळवून दिली. पहिली पाटी स्वतः रिक्षातून घेऊन आले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, दारातच चपला काढून उभे. मी म्हणालो, अहो, ही लॅब आहे, देऊळ नाही. ते हसले आणि तरी अनवाणीच आत आले. त्यांनी एक फळ हातात घेऊन मला दाखवलं, देठापासून बुडापर्यंत फिरवून. म्हणाले, फिरवल्याशिवाय फळ कळत नाही, साहेब, डाग नेमका खालच्या अंगाला असतो. म्हणून प्रत्येक फळाचे आठ बाजूंनी फोटो काढायचं ठरलं. पाचशे फळं, चार हजार फोटो. निम्मे निरोगी, निम्मे तेल्याचे.

फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. कल्याणीला आठवड्याला बावीस तास आणि त्यावर मूल्यांकन समितीच्या फायली. मला त्या महिन्यांत काम कमी होतं, आणि माझा हात स्थिर आहे. तिने मला नीट सांगितलं होतं: एकच टेबल, एकच स्टँड, एकच राखाडी कागद, आणि फळं मिसळून घ्यायची. मी हो म्हणालो.

आणि मी कागद दोन वापरले.

एक निरोगी फळांसाठी, एक नासक्यांसाठी. दोन्ही एकाच दुकानातून आणलेले, एकाच रंगाचे. सकाळी चांगली फळं घ्यायची, दुपारी कागद बदलून तेल्याची. चांगली फळं नंतर स्टाफमध्ये वाटली जायची, मीही घरी न्यायचो, आणि ज्यावर नासकं फळ ठेवलं त्यावर खायचं फळ ठेवायला माझा हात जाईना. आमच्या घरात नासकं-चांगलं, खरकटं-स्वच्छ, असलं सगळं वेगळं ठेवतात. आईने ते कधी शिकवलं नाही, नुसतं करून दाखवलं. कल्याणीने विचारलं तेव्हा मी सांगितलं की कागद एकच आहे. ते मला खोटं वाटलंच नाही. रंग एक, दुकान एक, मग कागद एकच नाही का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक तडकलेलं डाळिंब नासक्यांच्या कागदावर वरच्या डाव्या कोपऱ्यात गळलं. मी पुसलं. पिवळट फिकट डाग राहिला, रुपयाएवढा. एवढ्याने काय होतं, म्हणून मी तोच कागद शेवटपर्यंत चालवला.

पुढचं वर्ष तिचं सुखाचं गेलं. तुकडे निम्मे उठवले, उत्तर सत्त्याण्णव टक्के बरोबर. पन्नास ठेवले, सत्त्याण्णव. सोनटक्के सरांचा चेहरा उजळला. ते रोज लॅबमध्ये यायला लागले. आणखी कमी कर म्हणाले. वीस ठेवले, सत्त्याण्णव. जगात कुणी एवढं खाली आणलेलं नाही, असं ते मलाही सांगून गेले, आणि मी काय सांगितलं तर वा. बंगळुरूच्या एका परिषदेत निबंध स्वीकारला गेला. त्यावर पहिलं नाव कल्याणीचं, दुसरं सरांचं, तिसरं प्राचार्यांचं. प्राचार्यांनी डाळिंबं खाल्ली होती, तेवढा सहभाग होता.

फक्त कल्याणी मधूनमधून गप्प व्हायची. एकदा मला म्हणाली की बाबा फळ फिरवून बघतात तरी कधी चुकतात, आणि हे वीस तुकड्यांत जवळजवळ कधीच कसं चुकत नाही. मी म्हणालो, यंत्र हुशार असेल. तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

मार्चमध्ये सरांनी तिला आठवर आणायला सांगितलं. एकशे शहाण्णवातले आठ. एवढ्या आठ खिडक्यांतून बघून तेल्याचा ठिपका सापडणं शक्य नाही, हे तिला कळत होतं. तिने आठवर आणलं. सत्त्याण्णवला थोडं कमी. ती हसली नाही. दुपारचे तीन वाजले होते, मुलं प्रॅक्टिकलची जर्नलं घेऊन दारात उभी होती. तिने त्यांना परत पाठवलं आणि शेवटपर्यंत बसून राहिलेले आठ तुकडे कोणते, ते फोटोवर रंगवून बघितलं. हे आधी बघायला हवं होतं, असं ती नंतर म्हणाली. ते खरं आहे. पण सत्त्याण्णव टक्के येत असताना आत डोकावून बघायला माणूस धजत नाही.

तिने मला हाक मारली. पडद्यावर डाळिंब होतं, चांगलं मोठं, मधोमध. त्याच्यावर एकही चौकोन नव्हता. आठच्या आठ वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा झाले होते. तिने दुसरा फोटो उघडला, तिसरा, दहावा. तिने तो कोपरा मोठा करून उजळला, आणि डाग दिसला.

"काका, कागद एकच होता ना?" तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. दोन कागद, सकाळ, दुपार, गळलेलं फळ. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग एवढंच विचारलं की दोन कशासाठी. मी म्हणालो, सवय. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तो शब्द पुन्हा एकदा हळू म्हटला. मला त्या क्षणी फुलपात्र आठवलं, आणि तिलाही आठवलं असणार असं वाटून माझे कान तापले. चूक कबूल करायला मला वाईट वाटत नाही, मी फ्यूज उडवलेत, सर्व्हर बंद पाडलेत, सगळं लिहून दिलंय. हे मात्र वेगळं होतं.

यंत्राने काही चोरी केली नव्हती. त्याला आपण सांगितलं की चांगली आणि रोगट फळं वेगळी ओळख. त्याने सर्वांत सोपी खूण शोधली. डाग असलेला कागद म्हणजे रोग, डाग नसलेला म्हणजे निरोगी. मग फळ बघायचं कशाला? तुकडे कितीही उठवा, डागाजवळचे आठ बसले की काम झालं. परीक्षा घ्यायला वापरलेले फोटोही त्याच चार हजारांतले, म्हणून तिथेही सत्त्याण्णव. तिने सात वर्षं घासून जे हलकं-सुटसुटीत केलं होतं त्याने डाळिंब कधी बघितलंच नव्हतं.

दोन दिवसांनी तिने स्वतः शंभर फळं आणली, पन्नास चांगली, पन्नास तेल्याची, आणि नव्या एकाच कागदावर मिसळून फोटो काढले. यंत्राने शहाण्णव निरोगी ठरवली. मग तिने जुन्या सगळ्या फोटोंचे कोपरे कापले आणि पुन्हा शिकवलं. आठ तुकड्यांत उत्तर एकसष्ट टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरा बरं. शंभर तुकडे ठेवले तर त्र्याऐंशी. याचा अर्थ असा की निम्मे तुकडे उठवता येतात, त्याहून जास्त नाही, कारण ठिपका कुठे असेल सांगता येत नाही. हे उत्तर लहान होतं, पण खरं होतं आणि उपयोगाचं होतं. मात्र ते नीट सिद्ध करायला नवी फळं, नवा हंगाम हवा होता. हातात पाच आठवडे होते.

ती सोनटक्के सरांकडे गेली. त्यांच्या केबिनचं दार बंद होत नाही, ते मीच दुरुस्त करायचं आहे, त्यामुळे मला ऐकू आलं. सर वाईट गृहस्थ नाहीत. ते घाबरलेले असतात, आणि घाबरले की फार शांत बोलतात. त्यांनी तिला समजावलं की निबंध छापून आलाय, त्यावर प्राचार्यांचं नाव आहे, मूल्यांकन समितीला तो दाखवलाय. मागे घ्यायचा तर तिघांना मागे यावं लागेल. विद्यापीठ आणखी मुदत देणार नाही. नव्याने नोंदणी केली तर पुन्हा सहा वर्षं. ती म्हणाली की सर, हे फळ बघतच नाही.

"ओव्हाळ मॅडम, परीक्षक कोपरे बघत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "कुठले चौकोन उरले ती आकृती काढून टाका, आणि प्रबंध द्या."

त्या संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. तिने एक गोष्ट मागितली. फोटो दोन वेगळ्या कागदांवर काढले गेले, दिलेल्या सूचनेविरुद्ध, असं मी लिहून द्यावं. तेवढ्या कागदाच्या आधारावर ती विद्यापीठाकडे मुदत मागणार होती. चूक तिची नाही, फोटो काढणाऱ्याची आहे, असं कागदावर असतं तर कदाचित ऐकलं असतं. कदाचित नसतंही. मी म्हणालो, बघू. माझी निवृत्तीची फाइल सोनटक्के सरांच्या सहीसाठी त्यांच्या टेबलावर पडली होती. पुण्यात बघू म्हणजे काय ते पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

मग चौदा एप्रिल आला. बिबवेवाडीत त्यांच्या चौकात जयंतीचा मोठा मांडव असतो. मंडळाच्या पोरांनी आणि मार्केट यार्डातल्या पोपटरावांच्या सोबत्यांनी मिळून फ्लेक्स लावला. कॉन्व्होकेशनच्या काळ्या झग्यात कल्याणीचा चेहरा चिकटवलेला, आणि खाली ठळक अक्षरांत डॉ. कल्याणी पोपट ओव्हाळ यांचे हार्दिक अभिनंदन. प्रबंध अजून दिलाही नव्हता. तिने वडिलांना उतरवायला सांगितलं, तर ते म्हणाले की महिनाभराचा प्रश्न आहे, आत्ता उतरवला तर लोक काय झालं म्हणून विचारतील. तिची बस रोज त्या फ्लेक्सखालून वळायची. ती मला म्हणाली, काका, मी त्या बाजूला बसतच नाही आता. एवढं सांगून ती हसली, आणि मला ते हसणं सहन झालं नाही. मी उठून विनाकारण प्रिंटर उघडला.

एकोणतीस एप्रिलला तिने प्रबंध दिला. आठ चौकोन, सत्त्याण्णव टक्के, आकृती काढून टाकलेली. त्या दिवशी तिने मला पेढा दिला नाही, आणि मी मागितला नाही. जुलैची ऑर्डर मिळाली. ती पूर्वीसारखीच वेळेवर यायची, शिकवायची, फायली भरायची. चार नंबरच्या लॅबमध्ये मात्र कामाशिवाय यायची बंद झाली. त्या दणकट संगणकावर दुसरंच कुणीतरी बसायला लागलं.

व्हायवा डिसेंबरात झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. मी प्रोजेक्टरपाशी. तिसऱ्या रांगेत पोपटराव, नवी पांढरी टोपी, हात मांडीवर. बाहेरच्या परीक्षक नागपूरहून आल्या होत्या, डॉ. शेफाली बोकारे. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. कल्याणीने चाळीस मिनिटं सांगितलं, एकदाही अडखळली नाही. मग बाईंनी चष्मा पुसत विचारलं की शेवटी उरणारे आठ चौकोन चित्रावर कुठे पडतात, हे प्रबंधात दिसलं नाही. कल्याणी म्हणाली की ती आकृती घेतलेली नाही. बाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. सगळे फोटो एकाच पार्श्वभूमीवर काढले होते का?

हॉलमध्ये कुणाला काही वाटलं नाही. साधा प्रश्न होता. सोनटक्के सर पेनाचं टोपण उघडझाप करायला लागले. कल्याणीने बाटलीतलं पाणी प्यायलं, झाकण लावलं, आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"फोटो परचुरेकाकांनी काढलेत," ती म्हणाली. "तेच सांगतील."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मला काय करायचं होतं ते मला पूर्ण कळत होतं. तीन शब्द. कागद दोन होते. माझ्या फाइलवर तोवर सही झाली होती, तीही आडवी येत नव्हती. पण पुढचा प्रश्न काय असेल तेही मला कळत होतं, कारण तो कल्याणीने मला विचारला होता. दोन कशासाठी? आणि तिसऱ्या रांगेत पोपटराव बसले होते. चपला दाराबाहेर काढून आत आलेले, ज्यांनी स्वतःच्या हातांनी ती फळं माझ्यासमोर फिरवून दाखवली होती. त्यांच्यासमोर, सगळ्या हॉलसमोर, मला म्हणावं लागलं असतं की जिथे ते ठेवलं तिथे हे ठेवायला माझं मन झालं नाही. त्यांनी ते डाळिंबांबद्दलच ऐकलं असतं का? मी डाळिंबांबद्दलच म्हटलं असतं का?

"एकाच कागदावर," मी म्हणालो.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"मीच काढलेत हो," मी म्हणालो. "माझ्या वतीने दुसरं कुणी हजर नव्हतं."

लोक हसले. परीक्षक बाईही हसल्या, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि वही मिटली. आयुष्यभर मी ज्या फटकळपणाचा अभिमान बाळगला तो त्या दिवशी असा कामाला आला. कल्याणीची नजर माझ्यावरून खाली गेली. वीस मिनिटांनी सोनटक्के सरांनी उभं राहून तिला डॉक्टर म्हणून हाक मारली आणि टाळ्या वाजल्या.

पोपटराव पेढ्यांचा पुडा घेऊन सरळ माझ्याकडे आले. माझे दोन्ही हात त्यांनी हातात धरले. त्यांचे तळवे खरखरीत आणि गरम होते. "साहेब, चार हजार फोटो काढले तुम्ही. घरातलं माणूस करत नाही एवढं. तुमच्यामुळं पोरगी डॉक्टर झाली," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी काहीतरी पुटपुटलो. पेढा मी त्यांच्या हातून तिथेच खाल्ला, पूर्ण.

हॉल रिकामा झाल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. कल्याणी तिचा लॅपटॉप घ्यायला आली. आम्ही दोघंच होतो. मला शांत राहवेना. मी म्हणालो की तुझ्यासाठीच बोललो, सात वर्षं वाया गेली असती. तिने चार्जर पिशवीत घातला, चेन लावली, मग माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला तोंड उघडता येत नव्हतं, काका," ती म्हणाली. "बाबा समोर होते. म्हणून तुमचं नाव घेतलं."

मी वायर तशीच हातात धरून उभा राहिलो. म्हणजे दोघांनाही एकाच माणसासमोर बोलता आलं नव्हतं. पण तिने निदान दार उघडून दिलं होतं, आणि ते मी लोकांना हसवून लावून घेतलं. मी तिला म्हणालो की अजूनही सांगता येईल, मी आत्ता लिहून देतो. ती म्हणाली की आता ते खोटं बोलल्याचं पत्र होईल, तुमचंही आणि माझंही. ते खरं होतं. बाबा खाली थांबलेत म्हणून ती गेली.

जानेवारीत ती कायम झाली. केबिनच्या दारावर डॉ. लागलं. सोनटक्के सरांनी तिला लगेच पहिली विद्यार्थिनी दिली, नम्रता नावाची, मन लावून काम करणारी मुलगी, आणि विषय दिला तोच, पुढचा टप्पा. फोटो नव्याने काढू द्या, असं कल्याणीने दोनदा लिहून मागितलं. सरांनी दोन्ही वेळा शांतपणे विचारलं की चांगले चार हजार तयार असताना नवे कशासाठी, कारण काय लिहायचं? कारण तिला लिहिता येत नाही. काल नम्रता माझ्याकडून चार नंबरची किल्ली घेऊन गेली. आठावरून सहावर आणायचंय म्हणाली, आणि मॅडम एवढ्या गप्प का असतात म्हणून मलाच विचारलं.

मी येत्या मेमध्ये निवृत्त होतो. कल्याणीला अजून सव्वीस वर्षं आहेत.